सामना संपल्यानंतर : पालवणकर बाळूंचे उत्तरायुष्य

पोखर्णीला नृसिंहाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाची एक टपरी आहे. २०२२च्या डिसेंबरात, कतारमधल्या विश्वचषकाचे शेवटचे सामने चालू असताना, तिथे रात्री एका मोबाइलभोवती सात-आठ मुले दाटीने बसलेली असत. त्यांतला एक माझा विद्यार्थी, मराठी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. एकदा मध्यंतराच्या वेळी त्याने विचारले, "सर, हे एवढे मोठे खेळाडू खेळणं सुटल्यावर काय करत असतील?" प्रश्न सहज विचारलेला होता आणि मीही काहीतरी सहज उत्तर दिले. घरी आल्यावर मात्र लक्षात आले, की हा प्रश्न आपण ज्याला साहित्याच्या वर्गात नायकाचे चरित्र म्हणतो त्याच्या मुळाशी जाणारा आहे. चरित्र कुठे थांबवायचे, हे कोण ठरवते?

युरोपातल्या फुटबॉलपटूंपुरते बोलायचे तर उत्तरे बरीच आहेत आणि ती एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. १९६६ साली इंग्लंडला विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघातला बचावपटू रे विल्सन पुढे अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याच्या व्यवसायात गेला. १९७४च्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा विजयी गोल करणारा गेर्ड म्युलर दारूच्या पार आहारी गेला. बायर्न म्युनिक या त्याच्याच क्लबने त्याला त्यातून बाहेर काढून पोरांना शिकवण्याच्या कामाला लावले. हंगेरीचा फेरेन्क पुश्काश १९५६च्या उठावानंतर मायदेशी परतला नाही, तो १९८१ साली पहिल्यांदा पाहुणा म्हणून आला. आणि ज्या देशाने त्याला पळपुटा ठरवले होते त्याच देशाने पुढे राष्ट्रीय स्टेडियमला त्याचे नाव दिले. इटलीचा जान्नी रिव्हेरा १९८७ साली संसदेत निवडून गेला. मिलानकडून खेळलेला जॉर्जियाचा काखा कालाद्झे मंत्री झाला आणि २०१७ साली तिबिलिसीचा महापौर. म्हणजे खेळ संपल्यावर माणूस व्यापारी होतो, व्यसनी होतो, परागंदा होतो, पुढारी होतो. थोडक्यात, इतर माणसांचे जे होते ते त्याचेही होते. फरक एवढाच, की त्याचे झालेले लोकांना पाहवत नाही.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. महाभारत अठराव्या दिवशी संपत नाही. युद्धानंतर व्यासांनी कितीतरी पर्वे लिहिली आणि त्यांतल्या मौसलपर्वात अर्जुनाच्या वाट्याला जे आले ते सगळ्या निवृत्त वीरांचे मूळ चित्र आहे. द्वारकेतल्या स्त्रियांना घेऊन तो निघतो, वाटेत आभीर लुटारू लाठ्या घेऊन चालून येतात, आणि गांडीवाला दोरी चढवतानाच त्याची दमछाक होते. अस्त्रे आठवत नाहीत. स्त्रिया डोळ्यांदेखत नेल्या जातात. आपण कीर्तनात, नाटकात, पाठ्यपुस्तकात जो अर्जुन पाहतो तो या अर्जुनाच्या आधीच रंगमंचावरून नेलेला असतो. खेळाडूंना देशाने १९६१पासून जो पुरस्कार द्यायला सुरुवात केली त्याला अर्जुनाचे नाव आहे, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्रात निवृत्त खेळाडूची म्हणून जी कथा आपण सांगतो ती खाशाबा जाधवांची. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. हेलसिंकीला जाण्यासाठी गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि १९५२च्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून खर्डेकरांचे कर्ज फेडले, १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. ही कथा खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पण तिची एक सोयही आहे, हे मान्य करायला हवे. उपेक्षेच्या कथेत ऐकणाऱ्याने फक्त हळहळायचे असते. खाशाबांनी काय विचार केला, काय निवडले, कोणाच्या विरुद्ध उभे राहिले, असा प्रश्न तिथे येत नाही. शासन निष्ठुर, समाज कृतघ्न, वीर निष्पाप. ही रचना आपल्याला इतकी सवयीची झाली आहे, की एखाद्या खेळाडूचे उत्तरायुष्य तिच्यात बसत नसेल तर आपण ते उत्तरायुष्यच गाळून टाकतो.

पालवणकर बाळूंचे असे झाले.

बाळूंचा जन्म १८७६चा, धारवाडचा. घराणे चर्मकार, वडील लष्करी नोकरीत, लहानपण पुण्याच्या छावणीत गेलेले. बाळू थोरले, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे धाकटे भाऊही पुढे क्रिकेटपटू झाले. बाळूंची क्रिकेटमधली पहिली नेमणूक पारशी मंडळींच्या एका क्लबात झाडलोट करण्याची आणि खेळपट्टीवर रूळ फिरवण्याची होती, महिना तीन रुपये. तिथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात आले, पगार चार रुपये. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे ही कामे करता करता साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायला त्यांना सांगण्यात आले आणि एक अद्वितीय डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा हिंदुस्थानातला अव्वल इंग्रज फलंदाज. आपल्याला बाद केले की ग्रेग बाळूंना दर बळीमागे आठ आणे देई, अशी दंतकथा आहे. फलंदाजी मात्र बाळूंना कधी करू दिली नाही. बॅट हातात घेणे हा साहेबांचा मान होता. खेळातसुद्धा श्रमाची विभागणी किती चोख असते ते पाहावे.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांवर मात करायची होती आणि तसा गोलंदाज सगळ्या शहरात एकच होता. त्याला घ्यावे की नाही यावर मंडळींत दोन तट पडले. अखेर घेतले. मैदानावर त्याने टाकलेला, त्याच्या घामाने भिजलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या सुट्टीत मात्र त्याचा चहा तंबूबाहेर, मातीच्या टाकाऊ पेल्यात येई, आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे. या अजब धर्मशास्त्रावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्या वेळी मंडळींना सुनावले होते, असे सांगतात; टिळकांनीही बाळूंचा जाहीर गौरव केला होता. पुण्याचे दोन्ही पक्ष एका फिरकी गोलंदाजाबाबत एकमत झाले, हीही एक नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. असो.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले, पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले; हिंदूंचे डाव २४२ आणि १६०, युरोपियनांचे १९१ आणि १०२. बंगालच्या फाळणीनंतर चार महिन्यांनी झालेला हा पराभव नुसता खेळातला राहणे शक्य नव्हते. त्यात बाळूंचा वाटा मोठा होता आणि सुधारकी वर्तमानपत्रांनी तेवढा धागा पकडून, जातिभेद सोडल्याने काय साधते याचा हा दाखला आहे असे लिहिले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र सगळे सामने धरून ११४ बळी घेतले, त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. वय पस्तीस.

परत आल्यावर मुंबईच्या दलित वर्गाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजातल्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने लिहिले होते, अशी नोंद इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी केली आहे. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव आंबेडकर. शिकलेले, मोठ्या पदावर पोचलेले, साऱ्या देशाला ठाऊक असलेले असे अस्पृश्य त्या तरुणासमोर तेव्हा किती होते? बोटावर मोजण्याइतकेही नव्हते. होते ते बाळू.

इथपर्यंतची कथा सगळ्यांना आवडते. तिच्यात अन्याय आहे, गुणवत्ता आहे, विजय आहे. २००१च्या 'लगान'मधला कचरा नावाचा फिरकी गोलंदाज पाहताना अनेकांना बाळू आठवले, ते याच कथेमुळे. पण कचऱ्याची कथा सामन्याबरोबर संपते. इंग्रज हरले, पाऊस आला. दुसऱ्या दिवशी गावाने कचऱ्याला विहिरीवर पाणी भरू दिले का, हे चित्रपटाने विचारले नाही आणि प्रेक्षकांनीही विचारले नाही. बाळूंचे खरे आयुष्य मात्र त्या दुसऱ्या दिवसापासून पुढे तब्बल तीन-साडेतीन दशके चालले.

त्या उत्तरायुष्याकडे वळण्याआधी १९२० साल नीट पाहावे लागते, कारण माझ्या मते पुढच्या राजकारणाची किल्ली तिथे आहे. हिंदू संघात बाळू वर्षानुवर्षे सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत मोठे खेळाडू होते, पण कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी तर, हा मान बाळूंचा होता, असे जाहीरपणे बोलून दाखवले होते. १९२० साली पै आजारी पडले. कर्णधारपद पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्याकडे गेले आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. बाळू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, तेव्हा वयाचे कारण पुढे करता येण्यासारखे होते. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे मात्र ऐन भरात होते. आपली पात्रता जातीमुळे डावलली जात आहे, असे निवेदन प्रसिद्ध करून दोघांनी संघातून अंग काढून घेतले. गदारोळ झाला. पुढच्या सामन्याला पै परतले, विठ्ठल-शिवराम परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, आणि पै यांनी काही काळ मैदानाबाहेर राहून संघ बाळूंच्या हाती दिला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

देवधरांना या प्रकरणात खलनायक करण्याचे कारण नाही. निवड त्यांनी केलेली नव्हती. पण पालवणकर बंधूंनी या प्रसंगातून काय अनुभवले असेल? तंबूबाहेरच्या मातीच्या पेल्यापासून कर्णधारपदापर्यंतचा रस्ता पंचवीसेक वर्षांचा होता. तो अपमानाने भरलेला होता, पण रस्ता होता. दार बंद होते, धडका दिल्यावर ते किलकिले झाले, संघ सोडून बाहेर उभे राहिल्यावर पुरते उघडले. बाहेर पडणे हे इथे परत आत येण्याचे साधन होते. शिवाय ज्या संघासाठी बाळूंनी आयुष्य वेचले त्याचे नावच 'हिंदू' होते. मुंबईच्या तिरंगी, मग चौरंगी स्पर्धेत संघ धर्माच्या नावाने पडत. धर्मशास्त्राने ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवले त्याला धावफलकाने हिंदू ठरवले होते, आणि हजारो प्रेक्षकांनी ते टाळ्या वाजवून मान्य केले होते. एवढ्या टाळ्या कानात साठवलेल्या माणसाला 'तू त्यांतला नाहीस' हे कोणी सांगितले तर ते पटणे अवघड असते.

आंबेडकरांचा अनुभव नेमका उलट्या दिशेने गेला. मार्च १९२७मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी हाताने उचलले तर लोकांनी डोकी फोडली आणि मग तळे शुद्ध करून घेतले. १९३०पासून काळाराम मंदिराच्या दाराशी वर्षानुवर्षे सत्याग्रह झाला, दार उघडले नाही. मैदानावरच्या गुणवत्तेला फलक असतो, धावा आणि बळी मोजता येतात; तळ्याच्या काठावर उभ्या राहिलेल्या माणसाने कशात उत्तीर्ण व्हायचे? पाणी पिण्यासाठी पंच्याहत्तर बळी घेण्याची अट असेल तर ती अट मुळातच अपमान आहे. आंबेडकरांच्या विचाराचा हा गाभा बाळूंच्या क्रिकेटमधून दिसणे कठीण होते.

१९३२च्या सप्टेंबरात गांधीजींचे येरवड्यात उपोषण सुरू झाले तेव्हा बाळू एम. सी. राजांप्रमाणे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. २४ सप्टेंबरच्या पुणे कराराखाली ज्या सह्या आहेत त्यांत आंबेडकरांची सही आहे आणि 'पी. बाळू' अशीही एक सही आहे. जातीय निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघातून मिळणाऱ्या ७१ जागा गेल्या, त्याऐवजी संयुक्त मतदारसंघातल्या १४८ राखीव जागा आल्या. एकाने ती सही दबावाखाली केली, दुसऱ्याने समाधानाने. पुढच्या वर्षी बाळू हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढले आणि हरले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. बाळूंनी त्याला जाहीर विरोध केला. धर्मांतर त्यांना आत्मघात वाटत होते. इथे मला १९२० आठवते. संघाबाहेर पडण्याचा मार्ग पालवणकरांना परका नव्हता, तो त्यांनी स्वतः वापरला होता. पण त्यांचे बाहेर पडणे दारात थांबलेले होते. येवल्याचे बाहेर पडणे मागे वळून न पाहण्याचे होते, आणि त्यासाठी आपण ज्या संघासाठी खेळलो तो आपला नव्हताच, हे स्वीकारावे लागत होते. साठीकडे झुकलेल्या माणसाकडून ही अपेक्षा कोणी करावी?

मग १९३७ आले. प्रांतिक कायदेमंडळाच्या पहिल्या निवडणुका. आंबेडकरांनी आदल्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढलेला होता आणि ते मुंबईत भायखळा-परळ भागातल्या राखीव जागेवर उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. ही जागा पुणे करारातून निर्माण झालेली, म्हणजे दोन्ही उमेदवारांच्या सहीने निर्माण झालेली. गिरणगावच्या चाळींतून एका बाजूला बॅरिस्टर, दुसऱ्या बाजूला निवृत्त गोलंदाज, असा प्रचार झाला. मतमोजणीत आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. दोन हजार वीस मतांचा फरक. ज्याने मानपत्र लिहिले त्याने ज्याला मानपत्र दिले त्याला हरवले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या वाक्यात नाट्य जास्त आणि इतिहास कमी आहे. इतिहास असा, की अकरा हजारांवर लोकांना, आणि संयुक्त मतदारसंघ असल्याने त्यांत सवर्णही बरेच असणार, आंबेडकरांपेक्षा बाळू आपले वाटले. या 'आपले वाटण्या'चे राजकारण काय असते हे आंबेडकरांनी ओळखले होते. १९४५च्या आपल्या ग्रंथात त्यांनी याच निवडणुकांचे आकडे मांडून, राखीव जागेवरही सवर्ण मतांनी सोयीचा माणूस कसा निवडता येतो, याचा हिशेब दिला आहे.

म्हणजे बाळू काँग्रेसच्या हातातले बाहुले होते का? असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रसिद्ध, आदरणीय आणि दलित असा उमेदवार काँग्रेसला हवाच होता. पण एवढ्यावर थांबलो तर आपणही पूना क्लबातल्या साहेबांसारखेच वागतो: चेंडू टाक, बॅटला हात लावू नको. बाळूंना स्वतःचे मत असू शकते, आणि ते चुकीचे असू शकते, ही मुभा आपण त्यांना देत नाही. मला ते मत चुकीचे वाटते. संघात जागा मिळवून देणारा मार्ग संपूर्ण समाजाला पुरला नसता. जिंकायला आवश्यक असलेल्या माणसाला आत घेणे आणि माणूस म्हणून आत घेणे यांतला फरक त्या मार्गाने झाकला जातो. पण ते मत विकत घेतलेले नव्हते, ते कमावलेले होते. त्याच्यामागे चाळीस वर्षांचे शरीराचे कष्ट होते. त्याच चर्मकार समाजातले पां. ना. राजभोज हेही पुणे करारावर सही करणारे. पण १९४२पर्यंत ते आंबेडकरांबरोबर आले आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले. म्हणजे वाटा बदलत होत्या, बदलता येत होत्या. राजभोजांच्या मागे मात्र धावफलक नव्हता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले. सव्वा वर्षाने नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला आणि सतराव्या महिन्यात आंबेडकर गेले. नंतरच्या मराठी स्मरणात बाळूंना जागाच उरली नाही. क्रिकेटच्या इतिहासाने त्यांना कसोटीपूर्व काळातले एक नाव म्हणून ठेवले. देवधर शंभरी पार करून १९९३ साली गेले. त्यांच्या हयातीतच, १९७३-७४पासून, त्यांच्या नावाचा करंडक सुरू झाला होता, आणि ते योग्यच होते. आंबेडकरी इतिहासात बाळू विरोधी उमेदवार म्हणून एका ओळीत येतात. काँग्रेसला हरलेल्या उमेदवाराचे काम उरले नव्हते. नावाकडेही पाहावे. देवधर कायम 'प्रोफेसर देवधर', बाळू कायम 'बाळू'. चार भाऊ खेळत असल्याने पहिल्या नावाची सोय झाली असेल, तरी पगारी चाकराला हाक मारावी तशी ती हाक इतिहासात कायम राहिली.

आम्हा मराठीच्या मास्तरांकडेही याचा थोडा दोष येतो. पालवणकर विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. 'बलुतं' १९७८चे. म्हणजे दलित माणसाने मराठीत लिहिलेले, आणि तेही महाराष्ट्रभर नाव झालेल्या माणसाने लिहिलेले, एक आत्मचरित्र दया पवारांच्या तीस वर्षे आधी छापलेले होते. दलित आत्मकथनांचा इतिहास शिकवताना मी स्वतः कित्येक वर्षे हे पुस्तक उल्लेखिले नाही, कारण ते माझ्या डोक्यात 'क्रीडा' या कप्प्यात होते. शीर्षकातला समास मी जसाच्या तसा मान्य केला होता: क्रीडेचे जीवन, म्हणजे उरलेल्या जीवनाशी आपला संबंध नाही. गुहांनी २००२ साली इंग्रजीत क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला तेव्हा या घराण्याची गोष्ट त्यांनी मध्यभागी आणली. मराठी पुस्तकाकडे आम्हाला इंग्रजी पुस्तकाने नेले. यात नवीन काही नाही, पण बोलून ठेवलेले बरे.

त्या विद्यार्थ्याला हे सगळे मी पुढे हळूहळू सांगितले, काही वर्गात, काही टपरीवर. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "सर, तुम्ही सदतीस साली परळला असता तर मत कुणाला दिलं असतं?"

"आंबेडकरांना," मी म्हणालो.

"मीही," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "पण माझ्या आज्ज्यानं बाळूला दिलं असतं. त्यानं बाळूला टाकताना बघितलं असतं तर."

तेवढ्यात परभणीकडची गाडी आली आणि तो गेला.